धुऱ्यावरचं राखलेलं गवत

दसरा तोंडावर आला की वर्धा जिल्ह्यात गिरडकडल्या शेतांचे धुरे साफ होतात. बांधावर गवत ठेवलं की साप आलाच, असं सगळेच म्हणतात. धुरपताबाई मात्र दरवर्षी धुऱ्यावरचा एक पट्टा राखून ठेवायची. नवरा कवडू चिडायचा, "लोकं हासून राह्यले ना आपल्याले!" पण ही बाई ऐकेल तर शपथ!

कारण तिची रोशनी. लहानपणी ही पोर गवताच्या पात्यावरची हिरवी, डोक्यावर दोन शिंगांची अळी बघत बसायची, जेवणाचंही भान नसायचं. मग हिरवा कोष पात्याला लटकायचा आणि त्यातून तपकिरी फुलपाखरू निघायचं, मिटल्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, नुसते डोळेच डोळे. दिवसा ते पाचोळ्यात दडायचं, दिवेलागणीला उडायचं. आता रोशनी पुण्यात नोकरीला. दसऱ्याला मायलेकी मिळून दीक्षाभूमीवर जायच्या, मग पोर घरी आली की आधी धाव धुऱ्याकडे. गेल्या वर्षी ती आलीच नाही. तेव्हापासून धुरपताबाईचा जीव नुसता तिच्यात अडकलेला.

यंदा कोष दिसला तसं तिनं ते पातं हळूच खुडलं आणि घरात खिडकीच्या गजाला बांधलं. पोरीला आल्या आल्या दिसावं! एका सकाळी फुलपाखरू निघालं. पण पंखांवर डोळ्यांचं नावच नाही, नुसतं वाळक्या पानासारखं. धुरपताबाईला वाटलं, आपला हात लागला आणि जीव आंधळा झाला!

रडवेली होऊन तिनं फोन लावला. "बाई, म्या वाटोळं केलं वं त्याचं."

सगळं ऐकून रोशनी हसली. "नाई वं माय. पावसाळ्यात डोळे असते. पाऊस सरला की असंच येते, पाचोळ्यात लपाले." मग म्हणाली, "माय, यंदाही सुट्टी नाई भेटली. त्याचा फोटो पाठवजो."

"फोटो?" धुरपताबाईचा आवाज चढला. "मले काय फुलपाखराचं पडलं? मले तुले पाहायचं हाय! त्याच्यापायी तरी येशीन म्हणून राखलं ना गवत!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"रडू नको. तुले सुट्टी नाई ना? मंग मीच येते. वर्ध्याहून पुण्याची गाडी कोणती, सांग." नागपूरपलीकडे कधी न गेलेली बाई ही!

"अन् सोयाबीन कोण सोंगन?" कवडू दारातून ओरडला.

"तुमी हाय ना," म्हणत ती फळीवरची पिशवी काढायला उठलीसुद्धा.