मोठा ऑर्गन आणि माझे दोन पाय

मी फारशी बोलत नाही, हे आमच्या कुंडलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. हजेरीला मी 'हजर' म्हटलं तरी सर मान वर करून बघतात, आली आहे की नाही म्हणून! तर अशी मी, सांगलीत एका दुकानात तोंड उघडलं आणि काय करून बसले, ते आज सांगूनच टाकते. हसा हवं तेवढं, माझी काही तक्रार नाही.

झालं असं, की आमच्या विहारातल्या गायन पार्टीची पेटी उंदरांनी कुरतडली. मग ठरलं, आता पेटी नको, विजेवरचा ऑर्गनच घ्यायचा! वर्गणी जमली. जयंतीला तो वाजवणार कोण? तर मी. कारण आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंच्या पायपेटीवर मी दोन वर्षं शिकत होते. पायपेटी म्हणजे वर हातांनी वाजवायचं आणि खाली दोन्ही पायांनी भाता हाणत राहायचं. पाय थांबले, की सूर मेलाच!

सांगलीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचे दोन जुने ऑर्गन आहेत, असं कळलं. बाबा, ढोलकी वाजवणारे यशवंतकाका आणि मी एसटीनं तिथं पोचलो.

छोटा ऑर्गन स्टँडवर ठेवला होता. चांगला होता, पण मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कारण पलीकडे मोठा होता!

काय सांगू त्याचं रूप! चकचकीत काळपट लाकूड, पट्ट्यांच्या एकावर एक अशा दोन ओळी, रंगीत बटणांची रांग, आणि खाली पायांसाठीसुद्धा पट्ट्या! मिस्त्रींनी बटण दाबलं तेव्हा एक लहानसा तांबडा दिवा लागला आणि आतून बारीक गुणगुण सुरू झाली, जणू कुणी झोपेतून जागं होत होतं. मी गुपचूप चपला काढल्या. दुकानात कुणी चपला काढतं का? मी काढल्या.

"छोटा सहा हजार, मोठा आठ," मिस्त्री म्हणाले.

"आमच्याजवळ सहाच हायती," बाबा म्हणाले. पण त्यांचेही डोळे मोठ्यावरून हलत नव्हते. "पोरीला वाजवून तर बगू द्या. तिला कळतंय त्यातलं."

तिला कळतंय! हे वाक्य पुढं तासभर माझ्या कानात वाजत होतं.

मी बसले. हात वर ठेवले. खाली उजव्या पायापाशी एक रुंद फळी होती, डावीकडं पट्ट्या. सवयीनं दोन्ही पाय चालू झाले.

"भोंऽऽ... ऊं... भोंऽऽ... ऊं..." सूर एकदा फुगायचा, एकदा बसायचा, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. आणि मधूनमधून तळातून "घुर्रऽऽ!"

"आवं मिस्त्री," काका म्हणाले, "आत कोन झोपलंय व्हय? घोरतंय की!"

"अहो, काल तर ठणठणीत होता!" मिस्त्रींनी उभ्याउभ्याच वाजवून पाहिला. सूर कसा स्वच्छ! परत मी वाजवला. भोंऽऽ... ऊं... घुर्रऽऽ!

मिस्त्रींनी मागची फळी उघडली आणि डोकंच आत घातलं. "वाजव गं."

भोंऽऽ.

"थांब." एक वायर बदलली. "आता वाजव."

ऊं... घुर्रऽऽ!

असं किती वेळा झालं म्हणता? मी मोजलं नाही, मला रडू येत होतं. एवढं सुंदर वाद्य आणि त्याला हा आजार! माझे पाय मात्र इमानानं चालूच होते. आणि माझ्या पायांकडं बघणार कोण? मिस्त्रींचं डोकं ऑर्गनच्या पोटात, बाबा आणि काका मिस्त्रींच्या पाठीशी.

शेवटी आतूनच आवाज आला, "द्या बाबा सहा आणि घेऊन जा एकदाचा! मी हरलो."

काकांनी बाबांना कोपरानं ढोसलं. "दादा, काडा पैसं लवकर! घुरघुर काय, आपल्या पलूसचा रेडिओवाला बगंल."

बाबांचा हात खिशात गेला. नोटांची गुंडाळी बाहेर येत होती. त्याच वेळी माझ्या पोटरीत गोळा आला. डावा पाय मी वर घेतला, उजवा फळीवर तसाच दाबून ठेवला. हात मात्र पट्ट्यांवरच होते.

आणि सूर आला!

घुरघुर नाही, धाप नाही. भरून, सलग, थांबेचना! दुकानाच्या काचा थरथरल्या, माझ्या छातीतही तो घुमला. मी खाली पाहिलं. पाय स्वस्थ. आणि तरी सूर चालूच! भात्याशिवाय! मला वाटलं, हे जगातल्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता सांगितलं पाहिजे.

"बाबाऽऽ!" मी ओरडले. "ह्यात काय बिघडलंच न्हाई! ह्याला पाय मारायचंच नसतं! मीच चुकत होते!"

ऑर्गनच्या पोटातून मिस्त्रींचं डोकं बाहेर आलं. केसांना जळमटं, तोंडावर हसू. "काय म्हणालीस बाळ? परत सांग."

एरवी मी एकदासुद्धा सांगत नाही. तेव्हा परत सांगितलं. वाजवून, पाय उचलून दाखवून, उजवीकडची फळी नुसता आवाज लहानमोठा करते आणि डावीकडच्या पट्ट्यांवर पाय पडला की घुरघुर येते, हे सगळं समजावून सांगितलं!

"शाबास!" मिस्त्री म्हणाले. "मग आठच हजार."

संध्याकाळच्या एसटीत छोटा ऑर्गन आम्हा तिघांच्या मांडीवर आडवा होता.

"पोरगी खरं बोलली," बाबा म्हणाले.

"खरं बोलली, त्याचं काय न्हाई दादा," काका म्हणाले. "पर उद्या बोलली असती तर ते खोटं झालं असतं व्हय?"

याला एक चांगलं उत्तर मला सुचलं होतं. पण मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मोठा तर गेलाच होता, निदान छोटा तरी कुंडलला पोचायला हवा होता.