सुहासिनीकाकूंची सेव्हन्टीज नाइट

सुहासिनीकाकू सत्त्याहत्तर साली लग्न करून न्यू जर्सीत आल्या आणि नेवार्कमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागल्या. बाकीच्या बायका त्यांच्या डब्याच्या वासानं नाक मुरडायच्या. शेजारच्या टेबलावरची कृष्णवर्णीय डेल्फिन मात्र सरळ डब्यात हात घालायची. तिचा भाऊ एका डिस्को बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. शनिवारी त्यांच्या तळघरात तालीम चाले, शेजारीपाजारी जिन्यात बसून ऐकत, आणि सूर चुकला की डेल्फिनची आई स्वयंपाकघरातून ओरडे. काकू तिथंच नाचायला शिकल्या. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात शिकागोच्या स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटानं उडवला, तेव्हा टीव्हीसमोर बसलेली डेल्फिन म्हणाली होती, "त्यांना गाणी नकोत असं नाही, सुहास. आम्ही नको आहोत."

काकू आता जर्सी सिटीत एकट्या राहतात. यंदा मराठी मंडळानं 'सेव्हन्टीज नाइट' ठरवली आणि कमिटीतल्या अमेयनं त्यांना भाषणाची गळ घातली.

"मी एकटी नाही बोलणार. डेल्फिनला बोलवा," काकू म्हणाल्या.

"ऑसम, काकू! डन!"

डेल्फिन गुडघेदुखी विसरून आली. भावाचा जुना फोटो तिनं मोठा करून आणला होता. हॉलच्या दारात सलोनी नावाची मुलगी सगळ्यांना कृष्णवर्णीयांच्या 'आफ्रो'सारखे कुरळ्या केसांचे काळे टोप वाटत होती. तिनं हसत हसत एक डेल्फिनच्याही हातात ठेवला.

डेल्फिननं तो उलटसुलट करून पाहिला आणि खुर्चीवर ठेवला. काकूंची कानशिलं तापली.

"अमेय, हे बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"काकू, फन आहे यार. सगळ्यांनी घातलेत. कुणाला वाईट वाटत नाहीये."

"तू तिला विचारलंस?"

त्यानं विचारलं नाही. वर प्रोग्रॅम लांबल्याचं सांगून भाषण जेवणाच्या वेळेत ढकललं. डेल्फिन तळघरातल्या तालमींबद्दल बोलू लागली तेव्हा लोक टोप घालून पावभाजीच्या रांगेत सेल्फी काढत होते. ती भावाबद्दल सांगत असतानाच अमेयनं माइक मागितला. पार्किंगमधली कुणाची तरी गाडी हलवायची होती. माइक परत मिळाला तेव्हा डेल्फिन कोट घालत होती.

गाडीत काकू अमेयवर, कमिटीवर चिडून बोलत राहिल्या. डेल्फिननं त्यांना मध्येच थांबवलं.

"ते मला ओळखत नाहीत. तू ओळखतेस. मग मला तिथं का नेलंस?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटीला खरमरीत ईमेल लिहिली. 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास सॉरी,' एवढंच उत्तर आलं, खाली नाचणारा इमोजी. काकूंनी मंडळ सोडलं. कुणी थांबवलं नाही.

डेल्फिन बरेच दिवस फोन उचलत नव्हती. शेवटी काकू थालीपीठं घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. डेल्फिननं दार उघडलं, डबा घेतला आणि म्हणाली, "आत ये. पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढू नकोस."

काकू आत गेल्या. त्यांना तेवढंच तर बोलायचं होतं.