पितळी पाटीवरचे शेवटचे नाव

चोरीच्या फिर्यादी आयुष्यभर घेतल्या आणि बहुतेक विसरलो. चर्चच्या आवारातल्या त्या पितळी पाटीने मात्र निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडलेली नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी हजेरी चालू असतानाच एका जुन्या चर्चचे विश्वस्त तावातावाने आत आले. आवारातल्या युद्धस्मारकाची पाटी चोरीला गेली होती. पहिल्या महायुद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या आसपासच्या माणसांची नावे तिच्यावर कोरलेली होती.

ठाणे अंमलदाराला फिर्याद नोंदवायला सांगून मी पंचनाम्याला गेलो. स्मारक साधेच होते. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर काळ्या दगडाचा खांब आणि माथ्यावर क्रूस. बांधणारा गोरा अधिकारी याच चर्चला यायचा, म्हणून जागा इथली. नावे मात्र सगळ्या जातीधर्मांची होती आणि ती हुद्द्याप्रमाणे लावलेली होती. वर सुभेदार, खाली शिपाई आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, खेचरे सांभाळणारा एक जण.

पाटीचे स्क्रू व्यवस्थित सोडवलेले होते. दगडाचा टवकाही उडाला नव्हता. भंगारचोर इतका सबुरीचा नसतो, तो पहार घालतो आणि पळतो. फादरांच्या मोबाइलमध्ये पाटीचा फोटो होता. सगळी पाटी काळवंडलेली, फक्त तळाची ओळ लखलखीत. तिथे कोण घासते, हे फादरांनाही ठाऊक नव्हते.

दुपारपर्यंत ‘चर्चवर हल्ला’ असा मजकूर मोबाइलवरून गावभर झाला. फाटकाशी पोरे जमू लागली. वरिष्ठांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत आरोपी हवा. अशा वेळी पोलिसाचा हात पहिल्या गरीब माणसाच्या मानगुटीकडे जातो, म्हणून मला जास्त धास्ती होती.

तेवढ्यात आमच्या हवालदाराने एक रिक्षावाला आणला. आदल्या दिवशी चर्चजवळून गोण घेऊन बसलेला एक म्हातारा त्याने भाट्याच्या पुलावरून पावस गावाच्या बाजूला सोडला होता.

“गोण पायाशी ठेवा म्हटला, तर खाली ठेवीच ना,” तो म्हणाला. “मांडीवर घेऊन बसला व्हता, पोर घ्यावा तसा.”

चोरीचा माल कोणी मांडीवर घेत नाही. मी जीप काढायला सांगितली.

म्हातारा सत्तरीचा, मुंबईची नोकरी संपवून गावी राहिलेला. ठाण्यात आल्यावर “जयभीम साहेब” म्हणाला आणि त्यानंतर तोंडाला कुलूप. दरडावून पाहिले, समजावून पाहिले, उपयोग शून्य. त्याची बोटे रातांब्याच्या, म्हणजे पितळ उजळणाऱ्या कोकमाच्या, रसाने तांबडी झाली होती. पण मे महिन्यात अर्ध्या रत्नागिरीची बोटे तशीच असतात, त्यावर कोण कोर्टात उभा राहणार?

बाहेर गलका वाढत होता. मी चहा मागवला आणि फोटोची मोठी प्रत टेबलावर ठेवली. बोलता बोलता चहाचा ग्लास सुभेदाराच्या नावावर टेकवला. म्हातारा ढिम्म. ग्लास मधल्या शिपायांवर ठेवला, तरी तसाच. मग मी तो तळाच्या ओळीवर ठेवला.

म्हाताऱ्याचा हात पुढे आला. त्याने ग्लास उचलून बाजूला ठेवला, वर फोटोवरचा ओला गोल धोतराच्या सोग्याने टिपला.

“कोण ते?” मी हळू विचारले.

“माजा आजा,” तो म्हणाला. “खेचरा घेऊन इराकात बसऱ्याला गेला तो परत नाय आला. बापूस तवा पोटात व्हता. मडं नाय, राख नाय, फोटू नाय. नाव तेवडा हाय.”

दर बुद्धपौर्णिमेला तो तिथे येऊन रातांब्याच्या सालीने ते नाव घासायचा आणि मेणबत्ती लावायचा. चर्चच्या आवारात मेणबत्ती कोणाला खटकणार? फक्त एकच नाव का, असे मी विचारले. “दुसऱ्याच्या मानसावर आपन कसा हात ठेवायचा?” तो म्हणाला. “त्येंची मानसा येतील.”

यंदा आला तेव्हा खांबापाशी गवंडी उभा होता. जुने पाडून नवे स्मारक होणार, त्यावर नावे फक्त हुद्दा असलेल्यांची, जुनी पाटी वितळवणार. म्हातारा विश्वस्तांकडे दोनदा गेला. “तुझा आजोबा लढला कुठे? तो तर हमाल,” असे उत्तर मिळाले. ते ऐकून माझे डोके सणकले, आणि ते मी लपवणार नाही.

“पाटी परत दिली का ती भट्टीत जाणार,” तो म्हणाला. “मला आत टाका. पाटी मागू नका.”

पण पाटी जप्त करण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. त्याच्या घरी ती भाताच्या कणगीत, बायकोच्या लुगड्यात गुंडाळलेली मिळाली. दोन पंच बसले, हवालदार जप्तीचा पंचनामा लिहू लागला. सुभेदाराचे नाव लिहून झाले, खालची दोन-तीन झाली. मग त्याने पेन थांबवून विचारले, “साहेब, इतर वगैरे लिहू?”

म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. तो तिथेच खाली बसला.

“सगळी लिहा,” मी म्हणालो. “हुद्द्यासकट. शेवटच्याचेही.”

बराच वेळ लागला. शेवटचे नाव मी मोठ्याने वाचले आणि पंचांनी सह्या केल्या. म्हातारा उठला, पाटी स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली. “आता न्या,” तो म्हणाला. “सरकारात लिवलात, आता ह्येला कोन पुसनार?”

पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. पंचनाम्यात वर्णन केल्याप्रमाणे पाटी जागेवर लावावी, अशी अटच फादरांनी घालून घेतली. वितळवण्याचा विषय तिथेच मिटला आणि खांबही वाचला.

माणसे पोटासाठी, चैनीसाठी, सूडापोटी चोरी करतात, हे मला ठाऊक होते. आपले माणूस दुसऱ्यांदा मरू नये म्हणूनही कोणी चोर होतो, हे त्या म्हाताऱ्याने शिकवले. त्यानंतर जिथे माणसांची नावे आहेत अशा एकाही कागदावर मी ‘वगैरे’ लिहू दिले नाही.