डोमाजीभाऊंच्या घरातली बोलकी डबी

"म्याडम, हे बया घरात आल्यापासून आमचा मानूस मुका झाला," पार्वताबाई दारातच म्हणाल्या.

बया म्हणजे खिडकीत ठेवलेला स्मार्ट स्पीकर. तांब्याएवढी काळी डबी, वर निळ्या दिव्याचं कडं. पार्वताबाईंनी तिच्यावर जुना दुपट्टा टाकून ठेवला होता. त्यांचे यजमान डोमाजीभाऊ तिच्याकडे पाठ करून खाटेवर बसले होते. मी नमस्कार केला. एरवी ते डावा हात वर करून "या" म्हणायचे. हा एक शब्द आम्ही दोघांनी मोठ्या कष्टाने परत मिळवला होता. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली.

मी ब्रह्मपुरीच्या एका रिहॅब सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई, अशी लोकांची समजूत असते. तेही करते. पण माझे निम्मे पेशंट लकव्याचे. डोमाजीभाऊंना लकवा दिवाळीच्या तोंडावर झाला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं गेलं. या बोलणं जाण्याला आम्ही अफेजिया म्हणतो. माणसाला सगळं कळत असतं. काय म्हणायचं तेही ठाऊक असतं. शब्द मात्र सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडातून "पा... पा... खाट" असं काहीतरी निघतं. आपण चुकीचं बोललो हेही त्याला कळतं, आणि तेच सगळ्यात वाईट.

डोमाजीभाऊ आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्यातल्या गावोगावच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या कडेला वही घेऊन बसायचं आणि नट अडला की हळूच शब्द द्यायचा, हे त्यांचं काम. नाटक मंडळ्या जिथून निघतात त्या वडशाच्या आसपास त्यांना न ओळखणारा नट सापडणार नाही. त्यामुळे माझी पद्धत त्यांना चटकन समजली. आम्ही पेशंटला शब्दाचा पहिला आवाज देतो आणि थांबतो. याला क्यू म्हणतात. मी "च" म्हणायचे, थांबायचे, आणि बऱ्याच वेळाने ते "चहा" म्हणायचे. पार्वताबाईही हे शिकल्या होत्या. चुलीपाशी बसून दिवसभर त्यांना शब्द देत असायच्या.

या गाडीला खीळ घातली आमच्या डायरेक्टर साहेबांनी.

एका कंपनीचा माणूस सेंटरमध्ये आला होता. थंडीचे दिवस, म्हणून त्याचा कोट एक वेळ समजू शकते. पण गळ्यात टाय कशासाठी, ते आजवर कळलेलं नाही. त्याने 'व्हॉइस थेरपी किट' आणलं होतं. किट म्हणजे बाजारात मिळणारा साधा स्मार्ट स्पीकर, पंख्याला आणि दिव्याला जोडायचे दोन स्मार्ट प्लग, आणि मोबाईलमधलं एक अॅप. पेशंटने डबीला हाक मारायची, हुकूम द्यायचा, पंखा सुरू झाला की अॅपमध्ये मार्क.

"मॅडम, तुम्ही आठवड्यातून एकदा जाता," डायरेक्टर म्हणाले. "ही चोवीस तास घरात असेल."

"सर, हिला मराठी येतं?"

"हिंदी येतं. मराठी पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे."

"आणि ज्याला बोलताच येत नाही, त्याने हिच्याशी बोलायचं कसं?"

"म्हणूनच तर प्रॅक्टिस!" टायवाला म्हणाला.

मी पुढे काही बोलणार तोच डायरेक्टर म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह असता." मीटिंग संपली. पायलट पेशंट म्हणून डोमाजीभाऊंचं नाव ठरलं, कारण त्यांचा मुलगा नितेश नागपूरला नोकरी करत होता आणि किट घ्यायला लगेच तयार झाला होता.

न्यायाने सांगायला हवं. ही डबी अगदीच टाकाऊ नाही. आरमोरीकडचा माझा एक पेशंट मोहाच्या झाडावरून पडला. मानेखाली हालचाल नाही, पण तोंड खणखणीत. त्याच्यासाठी ही डबी म्हणजे हातच. पंखा लावतो, टीव्ही बदलतो, शेतात गेलेल्या आईला फोन लावतो. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांना ती वेळ सांगते, गोळ्यांची आठवण करते. खुद्द पार्वताबाईंना तिच्यावरची जुनी गाणी आवडली होती. एवढे तिचे गुण. ते सगळे ज्याची जीभ शाबूत आहे त्याच्यासाठी. ज्याची जीभ गेली त्याला हे यंत्र देणं म्हणजे लंगड्याला सायकल देऊन चालायला शिक म्हणणं. ती सायकल आमच्या सेंटरच्या लेटरहेडवर विकली जात होती.

तर त्या दिवशी मी दुपट्टा काढला आणि म्हटलं, "भाऊ, एकदा मला दाखवा. ही काय करते ते बघू दे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वळले. आधी डबीला तिच्या नावाने हाक मारायची असते, तेव्हाच ती जागी होते. नाव धड उच्चारलं नाही तर ढिम्म. तिसऱ्या प्रयत्नाला कडं निळं झालं. डोमाजीभाऊंनी ओठ जुळवले. "प... प..." कपाळावरची शीर उभी राहिली. शब्द येत होता, मला दिसत होतं. तेवढ्यात निळं कडं विझलं.

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई," डबी गोड आवाजात म्हणाली.

या यंत्राची गोम इथे आहे. आपण बोलायचे थांबलो की ते काही सेकंद वाट बघतं आणि बोलणं संपलं असं धरून चालतं. धडधाकट माणसाला तेवढं पुरतं. अफेजियाच्या माणसाची एका शब्दाची वाट त्याहून कितीतरी लांब असते. थेरपीत मी काय करते, तर मुख्यतः गप्प बसते. डबीला तेवढंच जमत नाही.

"बाई, तुम्ही शब्द काऊन नाई देत आता?" मी पार्वताबाईंना विचारलं.

"नितेश नको म्हनते जी. कंपनीवाल्यानं सांगतलं म्हने, घरच्यानं मदत केली त मार्क नाई भेटत. मी चुपचाप बसून राह्यतो." त्या पदराने डोळे पुसू लागल्या. "आन् संध्याकाळी हे बया सारं घर आयकते असं बोलते. आज का स्कोर शून्य. रोजचंच. काल त शेजारची बाई बसली होती. ह्यायनं भिंतीकडं तोंड केलं ते जेवले बी नाई."

मला इतका संताप आला की मी डबीचा प्लग ओढून काढला. मग अंगणात जाऊन नितेशला फोन लावला.

"नितेश, तुझे बाबा बोलायचे थांबलेत. ती डबी बंद ठेव."

"मॅडम, तुमच्याच सेंटरनं दिली ना? मले अॅपवर दिसते, बाबा प्रयत्नच नाई करून राह्यले."

"ते दिवसभर प्रयत्न करतात. अॅपला फक्त पंखा फिरलेला दिसतो."

तो म्हणाला, "मी रविवारी येतोच आहे. व्हिडिओ आहे ना."

व्हिडिओचं मला माहीतच नव्हतं. डायरेक्टरना विचारलं तर म्हणाले, "प्रमोशनसाठी छोटी क्लिप. तेवढी होऊ द्या, मग हवं तर किट काढा."

"सर, लकव्यानंतरचे पहिले महिने सुधारणेचे असतात. त्यातले दिवस आपण वाया घालवतोय."

"एका रविवाराने काही होत नाही, मॅडम."

रविवारी वैनगंगेचा पूल ओलांडून सेंटरची गाडी गावात आली. डायरेक्टर, टायवाला, कॅमेरावाला, आणि न बोलावता मी. डोमाजीभाऊंना इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. नितेश मागे उभा. टायवाल्याने डबी टीपॉयवर नीट ठेवली आणि शेजारी प्लास्टिकची फुलंही. जानेवारीच्या थंडीत पंखा लावून दाखवायचा होता.

पहिला टेक. "माफ कीजिए." दुसरा टेक. "माफ कीजिए." तिसऱ्या वेळी डबी जागी झाली आणि आपणहून नागपूरचं हवामान सांगू लागली.

टायवाला वैतागला. मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. "सर, असं करू. काकांनी फक्त ओठ हलवायचे. नितेशजी कॅमेऱ्यामागून कमांड देतील. आवाज नंतर जुळवून घेऊ."

मी डायरेक्टरांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते. "चालेल," म्हणाले.

डोमाजीभाऊंना सगळं समजत होतं, हे त्या खोलीत बहुधा मला आणि पार्वताबाईंनाच ठाऊक होतं. नितेशने मागून हुकूम दिला, पंखा फिरू लागला, टायवाल्याने टाळ्या वाजवल्या. डोमाजीभाऊ डबीकडे बघत होते. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी टीपॉयवर थाप मारली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले,

"हरामखोर!"

त्यापाठोपाठ आणखी दोन शब्द आले. ते छापता येणार नाहीत, पण उच्चार एकदम शुद्ध होते.

हे आमच्या धंद्यात नवं नाही. शिव्या, देवाचं नाव, पाढे, गाणी या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. साधं "पाणी" न म्हणता येणारा माणूस शिवी मात्र झोकात देतो. पेशंट बरा झाला असा याचा अर्थ नाही. तो आत जिवंत आहे आणि भडकलाय, एवढा अर्थ नक्की आहे.

डोमाजीभाऊंना अजून बोलायचं होतं. "ब..." ओठ हलत होते. टायवाला काहीतरी बोलायला पुढे झाला, मी हात आडवा धरून त्याला थांबवलं. पंखा गरगरत होता. पार्वताबाई मार्कांचा विचार सोडून खुर्चीपाशी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बं..."

"बं... बंद," डोमाजीभाऊ म्हणाले. मग श्वास घेऊन, "बंद कर."

"वा! कमांड!" टायवाला ओरडला. "रोल होतं ना? हेच वापरू!"

असा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. म्हातारा त्याचंच दुकान बंद करायला सांगत होता आणि याला जाहिरात मिळाली होती. बरं, डबीने तरी ऐकावं? तीही नाही. तिला नावाने हाक मारली नव्हती ना.

प्लग शेवटी नितेशने काढला. डबी, तिची वायर, दोन्ही स्मार्ट प्लग खोक्यात भरले आणि खोकं टायवाल्याच्या हातात दिलं. "क्लिप बी डिलीट करा. माह्यासमोर."

"नितेशजी, तुम्ही इमोशनल होऊन..."

"डिलीट करा म्हटलं ना."

कॅमेरावाला शहाणा होता, त्याने लगेच केली. डायरेक्टर बाहेर जाऊन गाडीत बसले. नितेश बापासमोर जमिनीवर बसला. "बाबा, मले वाटलं तुमाले फायदा होईन." डोमाजीभाऊंनी तोंड उघडलं. शब्द येईना. नितेशने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. तोही थांबला, आणि चांगला थांबला. बऱ्याच वेळाने डोमाजीभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चहा... घे."

पार्वताबाई उठून चुलीकडे गेल्या.

पुढचं थोडक्यात. किट आमच्या सेंटरमध्ये अजून विकलं जातं. मी लेखी दिलं की स्पष्ट बोलता न येणाऱ्या पेशंटला ते देऊ नये. ते वाक्य माहितीपत्रकात आलं, मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. मला आता असल्या मीटिंगना बोलावत नाहीत, त्यामुळे कामाला वेळ मिळतो. डोमाजीभाऊ पहिल्यासारखे बोलत नाहीत आणि बोलणारही नाहीत. पण दोन-तीन शब्दांची वाक्यं जुळवतात. भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात, आणि पार्वताबाईंच्या मते हेच जास्त सांगतात. नितेश रोज संध्याकाळी फोन करतो आणि पलीकडे शब्द येईपर्यंत फोन धरून ठेवतो.

आता कुणी नातेवाईक असली डबी घेऊ का म्हणून विचारायला आला, की मी त्याला यंत्राबद्दल काही सांगत नाही. घरी पेशंटजवळ कोण बसतं, एवढंच विचारते. कोणी बसत असेल तर डबीची गरज नसते. कोणी बसत नसेल तर डबीने भागत नाही. बाकी गाणी ऐकायला ती छान आहे.