घाईत धुतलेली काचपट्टी

शहाडच्या त्या छोट्या लॅबमध्ये गुणाजी रक्ताची काचपट्टी रंगवायला बसला, की वाटायचं आता तिसरी घंटा होणार. तरुणपणी कारखान्याच्या हौशी नाटकांत तो रंगभूषा करायचा. "पांढऱ्या पेशी म्हणजे बिनमेकअपचे नट," तो म्हणे. "रंग चढल्याशिवाय राजा कोण, शिपाई कोण, कळत नाही."

नवरात्रातल्या अष्टमीच्या दिवशी मात्र त्याचं चित्त टेंभी नाक्याच्या देवीकडे लागलं होतं. रंग दहा मिनिटं मुरू द्यायचा, तो त्यानं चारातच धुतला. पट्टी होती नऊ वर्षांच्या रुचिताची; दहा दिवस ताप. डॉक्टर कृतिकांनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. पेशी मोठ्या, फिकट, अर्धवट वाढलेल्या. रक्ताच्या कॅन्सरची शंका त्यांनी मुलीच्या आईला, मायाला, हळूच सांगितली. माया मटकन बाकावर बसली.

गुणाजीनं पट्टी उजेडात धरली. गुलाबी, धुवट. जांभळा रंग चढलाच नव्हता. गप्प राहिला असता, तर कुणालाच कळलं नसतं.

"मॅडम, चूक माझी. देवीच्या घाईत रंग लवकर धुतला. दुसरी करतो."

"काका! आणि मी त्या बाईला सांगून बसले!"

"शिव्या नंतर घाला. आधी दहा मिनिटं द्या."

माया शेजारी येऊन उभी राहिली. "मामा, काय बघता हो त्यात?"

"फौज. काही पेशी दारावरच्या रखवालदार. कोण आलाय विचारत नाहीत, थेट तुटून पडतात. काहींना शत्रू ओळखायला वेळ लागतो. पण एकदा ओळख पटली की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्या तालमीतून तयार होतात."

"आणि माझ्या पोरीच्या?"

"रंग चढू दे, बाई."

दुसऱ्या पट्टीत त्याच मोठ्या पेशी नीट रंगून समोर आल्या. शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेल्या, कडेला गडद निळा काठ. कृतिका बराच वेळ डोळा लावून होत्या.

"या लढणाऱ्याच आहेत, कॅन्सरच्या नाहीत. विषाणूचा ताप दिसतोय. तरी आठवड्यानं पुन्हा तपासू."

"मघाशी जीवच घेतलात की हो माझा!" माया रडता रडता गुणाजीवर ओरडली. त्या संध्याकाळी तो देवीला गेला नाही.

आठवड्यानं ताप उतरलेली रुचिता लॅबच्या घड्याळासमोर ठाण मांडून बसली होती.

"आजोबा, अजून दोन मिनिटं. पट्टीला हात लावायचा नाही!"

गुणाजीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.