थामचं रक्त

सा देक गावच्या बाजारात थामची शेवयांच्या रश्श्याची गाडी होती आणि बडबडीला खंड नव्हता. मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या, तेही तिने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं.

पण कंथो शहरातल्या इस्पितळात, केमोच्या पहिल्या सलाइनच्या आधी, फार्मासिस्ट दिएप पलंगाशी आली.

"मावशी, तुमची हिपॅटायटिस बीची तपासणी राहिलीय. डॉक्टरांशी बोललेय. ती झाली की औषध तयार करते."

त्याच रोगाने थामचा थोरला भाऊ गेला होता. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. शेजाऱ्यांनी त्यांच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं होतं.

"नाही करायची मला!" पिशवी उचलून ती जिन्याकडे निघाली. दिएप मागोमाग आली.

"कशाला घाबरता एवढ्या?"

"लोकांना कळलं तर माझ्या गाडीवर कुत्रं फिरकणार नाही!"

"रश्श्यातून नाही पसरत तो. रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला होतो. पण तो अंगात दडून असला तर या औषधाने उसळतो, यकृत खाऊन टाकतो. आधी कळलं तर रोजच्या गोळीने दाबून ठेवता येतो."

"आणि नाही कळलं तर? माझ्या भावासारखं?"

"म्हणून तर आधी तपासायचं," दिएप म्हणाली. थामने हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी कळलं: विषाणू होता. गोळी सुरू झाली, मग सलाइनही. पण थामचा डोळ्याला डोळा लागेना. आईकडून बाळाला, असं म्हणाली होती ना ही? तिची लेक न्हुंग पोटुशी होती.

"तिला कुठल्या तोंडाने सांगू गं?" तिने दिएपचा हात घट्ट धरला.

"मी बसते ना शेजारी. पण सांगा. आत्ताच सांगा."

न्हुंगच्या रक्तातही तो निघाला. ती आईवर ओरडली, "मला काय देऊन ठेवलंस तू!" आणि मग तिच्याच कुशीत शिरून रडली.

बाळ जन्मल्याबरोबर त्याला लस टोचली, सोबत विषाणूला लगेच अडवणारं आणखी एक इंजेक्शन. वर्षभराने त्याचं रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. थामच्या गाठी विरल्या, यकृतही शाबूत राहिलं. गाडी पुन्हा लागली, बडबड सुरू झाली. गोळीबद्दल मात्र तिने बाजारात चकार शब्द काढला नाही. गोळी ती अजून गिऱ्हाइकांना पाठमोरी होऊनच घेते.