रॉकेट पोचणार नाही

मला सावरलं ते तळमजल्यावरच्या अक्कांनी, हे आधीच सांगून टाकते. त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळं त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं. मी साताऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बंगळूरला, इंदिरानगरात आलेली. नव्वदनंतरची ती वर्षं. अक्का नसत्या तर माझ्या मुलानं मला चारचौघांत न्यायचंच सोडलं असतं.

आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबं रविवारी कुणाच्या तरी घरी जमत. मुलांच्या कानावर मराठी पडावं म्हणून दर खेपेला एका आईनं त्यांना काहीतरी सांगायचं, अशी पद्धत. बाकीच्या बायका शिकलेल्या. कुणी बँकेत, कुणी शाळेत. मी माझी पाळी टाळत आले होते, कधी ताप, कधी पाहुणे. शेवटी टळेना. मग मुलाच्या पुस्तकातून पाठ करून, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत कसा येतो ते सांगितलं. बरं चाललं होतं. तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "काकू, रॉकेट प्रकाशाएवढं पळेल का?"

हे पुस्तकात नव्हतं. माहीत नाही म्हटलं तर सगळं उघडं पडेल, अशी भीती वाटली. "पळेल की," मी म्हणाले. "इंजिन बंदच केलं नाही तर वेग वाढतच राहणार. पोचेल कधीतरी."

"इम्पॉसिबल!" मोठी मुलं ओरडली. सोफ्यावरून एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, घरी संशोधन सुरू केलंय वाटतं!"

सगळे हसले. मीही हसले. माझा मुलगा तेवढा हसला नाही, चटईच्या काड्या उपटत बसला. परतताना तो माझ्यापुढं चालत राहिला. जिन्यात म्हणाला, "आई, पुढच्या वेळी नुसते बाबा आले तरी चालेल."

त्यानंतर रविवार आला की माझं डोकं दुखायचं. खरंच दुखायचं. अक्कांनी ते हेरलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "काय झालं ग? खरं सांग."

सांगताना माझी मान वर होईना. वाटलं, याही हसणार.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जोर लावला की वेग वाढतो, हे तुझं बरोबरच आहे. पण दर वेळी तेवढाच वाढतो असं तू धरलीस. सगळेच तसं धरतात. प्रकाशाच्या वेगाजवळ जाशील तसा त्याच जोराला वेग कमी कमी वाढतो. जोर वाया जात नाही हं. ऊर्जा त्या रॉकेटात साठत जाते आणि त्याला आणखी पळवणं अवघड होत जातं. वेगातलं शेवटचं तेवढं अंतर तोडायला अमाप ऊर्जा लागेल. अमाप म्हणजे पुष्कळ नव्हे. कितीही ओतलीस तरी पुरणार नाही, अशी."

"बासुंदी आटताना डाव जड होत जातो, तसं?" मी भीत भीत विचारलं.

"स्वल्प तसं! पण बासुंदी खरंच घट्ट होते. रॉकेटात बसलेल्याला काहीच बदललेलं वाटत नाही. उदाहरण सांग, पण त्याच्यावर फार भरवसा ठेवू नको."

"मग प्रकाश कसा पळतो?"

"त्याला वस्तुमानच नाही. त्याला वेग वाढवत न्यावा लागत नाही, निघतो तोच त्या वेगानं. आता तू सांग मला."

मी सांगितलं, चुकले, परत सांगितलं. त्यांचा कुकर गार झाला तरी त्या उठल्या नाहीत. एवढ्या शिकलेल्या बाईला मी ओट्यापाशी अडकवून ठेवलंय, याचीही मला लाज वाटत होती.

मग एका रविवारी मी गेले आणि उभी राहून म्हणाले, "मागं मी चुकीचं सांगितलं होतं. रॉकेट पोचणार नाही." का पोचणार नाही तेही सांगितलं, बासुंदीसकट. त्याच मुलानं लगेच विचारलं, "मग रॉकेटातलं घड्याळ बरोबर चालतं का?"

"माहीत नाही रे," मी म्हणाले. "विचारून येते." कान तापले होते. कुणी हसलं का, ते बघायला मी मान वर केली नाही.

घरी जाताना मुलगा माझ्या बरोबरीनं चालत होता. "अक्कांना आजच विचारूया? मीपण येतो," तो म्हणाला.

अक्का आता म्हैसूरला लेकीकडं असतात. डोळे अधू झालेत, पुस्तकं नुसती उशाशी पडून असतात असं लेक फोनवर म्हणाली. ती पुस्तकं इंग्रजी. माझं इंग्रजी वाचन अजून अडखळतं, त्यांच्यासमोर जीभ वळणार नाही या लाजेनं मी जाणं पुढं ढकलत आलेय. पण मुलाच्या जुन्या पुस्तकांवर रोज दुपारी सराव करते. अक्का, मी येईन, राहीन, आणि तुम्ही म्हणाल ते पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीन.